व्रत एकाचं, उपास दुसऱ्याला

लग्न कोणी कोणाशी करावं, गर्भपाताला कायद्याने मोकळीक असावी का, बाईने डोकं झाकावं की उघडं ठेवावं, असह्य दुखण्यात माणसाला स्वतःचं मरण निवडता यावं का, यांपैकी कुठल्याही प्रश्नावर वाद पेटला की थोड्याच वेळात दोन वाक्यं कानावर येतात. एक : "धर्म आपापल्या घरात ठेवा." दुसरं : "हा आमच्या श्रद्धेचा विषय आहे, त्यावर चर्चा नको." वरवर पाहता ही वाक्यं एकमेकांच्या उरावर बसलेली दिसतात, पण ती सख्खी भावंडं आहेत. समोरचा तोंड उघडायच्या आत दार लावून घ्यायचं, हा दोघांचाही धंदा. आणि दार लावून घेतलं की मग उरतात फक्त घोषणा, पुरावा म्हणून फेकलेले श्लोक, आणि "तुम्ही स्वतः काय दिवे लावलेत?" छापाची चौकशी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धार्मिक मूल्यांना सार्वजनिक वादात उतरायचा पूर्ण हक्क आहे. मात्र उतरल्यावर त्यांना सोवळं नेसून बसता येणार नाही. बाकीच्या मतांसारखीच उलटतपासणी त्यांनाही सोसावी लागेल. त्या उलटतपासणीत 'हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय?' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कामाचा प्रश्न असा : या मूल्याची किंमत कोण मोजणार? जो ते मानतो तो, की जो मानत नाही तो? स्वतःच्या जिवावर पाळलं तर ते व्रत. शेजाऱ्याला पटवून सांगितलं तर ते आवाहन. न पाळणाऱ्याला शिक्षा ठेवली तर तो कायदा. या चढत्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर लागणारं समर्थन आधीच्यापेक्षा जड असतं. आपले बरेचसे वाद नासतात ते या पायऱ्यांची गल्लत झाल्यामुळे. एखादा नुसतं स्वतःचं व्रत सांगत असतो, त्याला आपण हुकूमशहा ठरवतो. दुसरा सरळ दंडुका मागत असतो, आणि अडचणीत आला की "ही माझी वैयक्तिक श्रद्धा" म्हणून निसटतो.

'धर्म घरात ठेवा' म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही, हे मान्य करायलाच हवं. १६१८ ते १६४८ ही तीस वर्षं मध्य युरोप ज्या युद्धात होरपळला, त्यात सिंहासनांचं राजकारण भरपूर होतं, पण माणसं मारायला आणि मरायला तयार झाली ती बऱ्याच अंशी पंथाच्या नावाने. राज्यसत्तेने आत्म्याच्या भानगडीत पडू नये हा विचार त्या चटक्यांतून पक्का झाला, आणि तो सोडून द्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. प्रश्न एवढाच की राज्यसत्तेला लागू असलेलं बंधन आपण नागरिकाच्या जिभेला कसं काय लावतो? धार्मिक माणसाला आपण सांगतो, की वादात येताना तुझी श्रद्धा चपलांसारखी बाहेर काढून ये. आणि आत बसलेले बाकीचे? सगळी माणसं समान आहेत हे कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं? दुबळ्याला तुडवू नये, हे गणिताने काढून दाखवता येतं का? माणसाची प्रतिष्ठा हे मूल्य देवाचं नाव न घेताही मानता येतं, मी स्वतः तसंच मानतो. पण तेही शेवटी एक मानणंच आहे. पायातली चप्पल प्रत्येकाच्या आहे. काहींची इतकी जुनी झालीय की ती आहे हेच त्यांच्या ध्यानात राहिलेलं नाही.

शिवाय धर्म खरोखरच घरात राहिला असता तर काय झालं असतं, हे इतिहासाला विचारून पाहावं. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत जॉन वुलमन नावाचा एक क्वेकर होता. हा ख्रिस्ती पंथ लहानसा, तलवारीला हात न लावणारा. वुलमन तरुणपणी दुकानात कारकुनी करत असताना मालकाने त्याला एका गुलाम बाईच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. त्याने लिहिला, आणि ते त्याला आयुष्यभर डाचत राहिलं. पुढे त्याने असे कागद लिहायला नकार दिला. प्रवासात गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी उतरला तर ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांना तो स्वतःच्या खिशातून मजुरी देई. गुलामांच्या घामातून येते म्हणून साखर सोडली. इथपर्यंत सगळं व्रत होतं, किंमत फक्त त्याची. मग तो घरोघर फिरून स्वपंथीयांशी बोलत राहिला, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने १७७६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही असं ठरवलं. त्यानंतर लंडनमध्ये १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये तो व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये बहुतेक वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. आधी केले, मग सांगितले, आणि कायद्याचं नाव घेतलं ते सगळ्यांत शेवटी. त्या काळी कोणी वुलमनला "तुमचा धर्म घरात ठेवा" म्हणालंच असतं, तर ते बहुधा गुलामांचे मालक असते.

पण लगेच दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी टाळ्या वाजवू नयेत. त्याच अमेरिकेत, तोच बायबल हातात घेऊन, दक्षिणेतले धर्मोपदेशक गुलामगिरी ईश्वरी योजना असल्याचं सांगत होते. बाप्टिस्ट पंथ १८४५ मध्ये याच प्रश्नावर दुभंगला, आणि दक्षिणेकडच्या शाखेने गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल अधिकृत माफी मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं ते तरी कोणाला उद्देशून? आठ धर्मगुरूंना, जे त्यांना सबुरीचा सल्ला देत होते. म्हणजे 'धर्म विरुद्ध आधुनिकता' असं ज्याला आपण म्हणतो ते भांडण पुष्कळदा धर्माच्या घरातलंच असतं. मग 'आमच्या धर्मात असं आहे' एवढ्याने काहीच ठरत नाही. कोणाच्या धर्मात? किंग यांच्या की त्या आठ जणांच्या? किंग यांनी त्या पत्रात सेंट ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती तत्त्वज्ञांचे दाखले दिलेच, पण तेवढ्यावर भागवलं नाही. बहुसंख्य जो कायदा अल्पसंख्यांवर लादतात पण स्वतःला लावून घेत नाहीत तो अन्याय्य, असा एक निकषही त्यांनी दिला. हा निकष समजायला ख्रिस्ती असावं लागत नाही. श्रद्धेने सार्वजनिक जागी कसं बोलावं याचा मला तो उत्तम नमुना वाटतो : मूळ लपवायचं नाही, पण ज्याला ते मूळ मान्य नाही त्याच्याही हाती धरायला काहीतरी द्यायचं.

असं काही हाती दिलं नाही तर काय होतं? बिहारमध्ये १५ जानेवारी १९३४ रोजी भीषण भूकंप झाला. हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर दौरा करत होते. ते म्हणाले, हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे. रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर हरकत घेतली. टागोर काही अस्पृश्यतेचे समर्थक नव्हते, उद्दिष्टाबाबत दोघे एकाच बाजूला उभे होते. टागोरांचं म्हणणं असं, की निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं हे अविवेकाला खतपाणी आहे, आणि हेच हत्यार सनातन्यांनाही उचलता येईल. तेही म्हणतील, भूकंप झाला तो गांधींनी धर्म बुडवला म्हणून. मग कोणाचा देव खरं बोलतोय हे ठरवायचं कसं? गांधींचं उद्दिष्ट शंभर टक्के योग्य होतं, युक्तिवाद शंभर टक्के घातक. एक गोष्ट मात्र गांधींच्या खाती जमा करायला हवी. टागोरांची टीका त्यांनी आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापली आणि तिथेच उत्तरही दिलं. उत्तर मला पटत नाही. पण ज्याची श्रद्धा इतकी घट्ट, त्याने तिच्यावरचा सर्वांत तिखट हल्ला स्वतःच्या पानावर छापावा, हे आजच्या कुठल्या बाजूला जमेल?

आता पाप आणि गुन्हा या दोन शब्दांकडे येतो, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. इंग्लंडमध्ये वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये अहवाल दिला, की सज्ञान पुरुषांमधले खाजगीतले, संमतीने झालेले समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत; खाजगी नीती-अनीतीचा एक प्रांत असा आहे जिथे कायद्याचं काम नाही. दोन वर्षांनी लॉर्ड डेव्हलिन या न्यायाधीशांनी एका व्याख्यानात त्याला उत्तर दिलं. समाज म्हणजे एकमेकांशेजारी राहणाऱ्या माणसांची नुसती बेरीज नाही, तो समान नीतिकल्पनांनी बांधलेला असतो. ती वीण उसवली तर समाजच उसवतो, म्हणून राजद्रोहापासून स्वतःला वाचवण्याचा जसा समाजाला हक्क आहे तसाच अनीतीपासून वाचवण्याचाही आहे. डेव्हलिन यांना जुनाट म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग खराच आहे. ज्या समाजात कोणालाच कशाची लाज वाटत नाही तिथे पोलीस कितीही वाढवले तरी पुरत नाहीत. शब्द पाळणं, म्हाताऱ्यांना न टाकणं, उघड्या दारातून आत न शिरणं हे सगळं कायद्याच्या भीतीवर चालत नाही. ही रोजची शिस्त माणसाला आजवर मोठ्या प्रमाणावर धर्मानेच लावली, हेही मान्य.

चूक दुसऱ्या भागात आहे. समान नीती लागते हे खरं, म्हणून आज आहे तीच नीती जशीच्या तशी लागते हे कसं ठरलं? कायदाशास्त्रज्ञ हार्ट यांनी हाच मुद्दा धरला : नीती बदलणं म्हणजे समाज बुडणं नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली कायदा बदलला. समाज उसवला नाही. (हाच व्हिक्टोरियन कायदा १८६० च्या भारतीय दंडसंहितेत साहेबाने घालून दिला होता. साहेबाने घरी तो काढून टाकल्यावरही आपण त्याला 'आपली संस्कृती' म्हणून एक्कावन्न वर्षं कवटाळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सज्ञान, संमतीच्या खाजगी संबंधांपुरता तो मोडून काढला.) पण मला या सगळ्यात सर्वांत लक्षात राहणारा माणूस कोणी न्यायाधीश नाही. तो कँटरबरीचा तेव्हाचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, मायकेल रॅम्झी. हे कृत्य पाप आहे असं रॅम्झी मानत होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. तरी १९६५ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात त्यांनी सुधारणेला पाठिंबा दिला, कारण प्रत्येक पाप हा गुन्हा असलाच पाहिजे असं त्यांना वाटत नव्हतं. यात काही बंडखोरी नव्हती. मानवी कायद्याने सगळे दुर्गुण दडपायला जाऊ नये, मुख्यतः इतरांना इजा करणारेच रोखावेत, हे अक्वायनस तेराव्या शतकातच लिहून गेला होता. त्यांचं मत मला पटो न पटो, पण रॅम्झी यांनी आपलं व्रत आपल्यापाशी ठेवलं आणि दुसऱ्याच्या पाठीवरचा दंडुका काढून घेतला.

ज्यांना ही पायरी ओळखता आली नाही त्यांचं काय झालं? अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात १८४० साली सहा दारुड्यांनी बसून शपथ घेतली की आता थेंब घ्यायचा नाही. उपदेशक कोणी नव्हता. पिणाऱ्याने पिणाऱ्याला हात द्यायचा. बघता बघता शपथेची ही लाट देशभर पसरली. पुढे चर्च आणि महिलांच्या संघटना चळवळीत उतरल्या, त्यामागचं दुःख अस्सल होतं : नवरा पगार गुत्त्यात उडवायचा, मारझोड करायचा, आणि बायकोला ना मताचा अधिकार ना फारसा मालमत्तेचा. म्हणून दारूबंदीवाल्यांना सोवळे खुळचट म्हणून हसणाऱ्यांना मी हसतो. पण बायकोला पगारावर हक्क, घटस्फोटाची वाट, मारणाऱ्याला तुरुंग, हे सगळं करण्याऐवजी, किंवा करण्याआधी, शपथेलाच संविधानात नेऊन बसवलं. अमेरिकेत १९२० च्या जानेवारीत दारूबंदी लागू झाली आणि १९३३ च्या डिसेंबरात रद्द झाली. त्यांच्या संविधानातली पूर्णपणे मागे घेतलेली ती एकमेव दुरुस्ती. सुरुवातीला पिणं कमी झालं, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. त्याचबरोबर चोरटा धंदा आणि टोळ्या फोफावल्या. त्या कायद्यातला एक तपशील मात्र मला दरवेळी हसवतो. धार्मिक विधींसाठी लागणारी वाइन बंदीतून वगळली होती. सगळ्या देशाला व्रत घालून देताना देवळाचा गाभारा तेवढा मोकळा ठेवला!

किंमत दुसऱ्याने मोजायची, हा दोष फक्त धार्मिकांचा असता तर प्रश्न सोपा झाला असता. तसा तो नाही, आणि याला इराणइतकं ढळढळीत उदाहरण नाही. रेझा शाहने १९३६ च्या जानेवारीत फर्मान काढलं की बायकांनी बुरखा-चादर वापरायची नाही. आधुनिकता आणायची होती. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढून काढत. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं, म्हणजे ज्यांना 'मुक्त' करायचं त्याच कोंडल्या गेल्या. १९४१ मध्ये शाह गेला तशी सक्तीही गेली. मग १९७८ मध्ये त्याच्या मुलाच्या राजवटीविरुद्धच्या मोर्चांत एरवी चादर न घेणाऱ्या कित्येक तरुणी मुद्दाम चादर घेऊन सामील झाल्या. ते त्यांचं व्रत होतं, निषेधाचं निशाण होतं. ती राजवट कोसळली आणि वर्षभरात तेच निशाण नव्या सत्तेचं फर्मान बनू लागलं. ८ मार्च १९७९ ला तेहरानच्या रस्त्यावर हजारो बायका सक्तीविरुद्ध उतरल्या. १९८३ च्या कायद्याने डोकं न झाकल्याबद्दल चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत शिक्षा ठेवली. डोकं तेच, पोलीस तेच, फक्त हुकूम उलटा. आता सांगा, यातला धार्मिक कोण आणि पुरोगामी कोण या चर्चेने त्या बाईच्या पदरात काय पडलं? तिला कधीच कोणी विचारलं नव्हतं, एवढीच या सत्तेचाळीस वर्षांतली सलग गोष्ट आहे.

आपल्याकडेही हा वाद एकदा इतक्या कसोशीने झडला की त्याची बरोबरी आज दिसत नाही. संमतिवयाच्या विधेयकाचा. १८९१ च्या मार्चमध्ये ते मंजूर झालं आणि मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीचं वय, लग्नातही, दहावरून बारा झालं. थोडंच आधी कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली होती, आणि तिचं वय दहाच्या वर म्हणून तो बलात्कारच ठरत नव्हता. टिळकांनी विधेयकाला कडाडून विरोध केला, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेवढ्यावर त्यांना प्रतिगामी म्हणून मोकळं होता येतं. पण १८९० मध्ये त्याच टिळकांनी सुधारकांपुढे एक प्रतिज्ञापत्र ठेवलं होतं : मुलीचं लग्न सोळाच्या आधी करणार नाही, मुलाचं विसाच्या आधी नाही, चाळिशीनंतर पुरुष लग्न करणार नाही आणि केलंच तर विधवेशी करेल, हुंडा नाही, विधवेचं केशवपन नाही, दारू नाही, उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला. सह्या करणाऱ्यांनी ते स्वतःवर बंधनकारक मानायचं. विधेयक बारा म्हणत होतं, टिळक सोळा म्हणत होते! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशा सुधारकांना हा चांगलाच चिमटा होता. व्रत कायद्यापेक्षा उंच असावं आणि आधी यावं, ही टिळकांची समज मला आजही बिनतोड वाटते. परक्या सरकारच्या हाती घराची किल्ली देऊ नये, ही त्यांची दुसरी हरकतही पोकळ नव्हती.

मग टिळक चुकले कुठे? प्रतिज्ञापत्रावर सह्या कोणाच्या होणार होत्या ते बघा. बापाची, सासऱ्याची, नवऱ्याची. ज्या मुलीच्या अंगावर हे घडत होतं तिची सही कोणी मागितली नव्हती आणि दहा वर्षांची पोर ती देऊही शकली नसती. बापाने व्रत पाळलं तर भलं त्याचं, मोडलं तर प्रायश्चित्त त्याचं. मरण मात्र तिचं. ज्याने सही केलीच नाही त्याच्या घरातल्या मुलीने काय करायचं? व्रत कितीही उंच असो, ते मोडल्याची किंमत जेव्हा संमती न दिलेला तिसरा माणूस मोजतो तेव्हा व्रत पुरत नाही, तिथे कायदा लागतो. इथे विधेयकाच्या बाजूचे आगरकर बरोबर होते. आणि वुलमनच्या वारसांनी संसदेकडे जाणंही याच कारणाने बरोबर होतं : कायद्याने मालकावर नवा भार टाकला असं दिसतं, पण तो भार तोवर गुलामाच्या पाठीवर होताच. कायद्याने तो फक्त उतरवला.

सुधारकांच्या वागण्याचा विषय निघालाच आहे तर न्यायमूर्ती रानड्यांना बाजूला टाकता येत नाही. विधवाविवाहाचे हे खंदे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी विधवेशी नव्हे तर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. विरोधकांनी हे त्यांना जन्मभर ऐकवलं, आणि ऐकवायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यातून सिद्ध काय होतं? रानडे कच खाल्ले, हे. विधवाविवाह अयोग्य आहे, हे नव्हे. वैद्य स्वतः पथ्य मोडतो म्हणून पथ्य खोटं ठरत नाही. आजच्या वादांत समोरच्याच्या जुन्या फोटोंपासून खाण्यापिण्यापर्यंत सगळं उकरायची जी हौस आहे, तिने मूळ प्रश्नाला उत्तर मिळाल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. दांभिकपणाचा आरोप एकाच ठिकाणी खरा कामाचा असतो : जिथे माणूस स्वतःला सूट ठेवून दुसऱ्याला शिक्षा मागतो. स्वतः घसरला आणि तरी आदर्श सोडला नाही, तो दुबळा. गाभाऱ्यातली वाइन वगळून शेजाऱ्याचा पेला फोडतो, तो दांभिक. दोघांना एकाच मापाने मोजणं आळशीपणाचं आहे. आणि हे मोजमाप निधर्मी मंडळींनाही लावून पाहायला हरकत नाही. कोण काय खातो, कुठला शब्द वापरतो, कोणाच्या लग्नाला जातो, यावरून माणसाला वाळीत टाकण्यात आता तेही मागे नाहीत. वाळीत टाकणं हा शब्द कुठून आला हे त्यांना कोणीतरी सांगावं.

उलट्या बाजूचा प्रश्न उरतो : कायद्याने सांगितलेली गोष्ट माझी श्रद्धा करू देत नसेल तर? सूट मिळावी का? इथेही तीच कसोटी बऱ्यापैकी चालते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आणली तेव्हा सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने नकार द्यायची तरतूदही केली. सुमारे सोळा हजार जणांनी नकार दिला. त्यांना न्यायमंडळापुढे उभं राहावं लागलं, बिनहत्यारी कामं करावी लागली, अनेकांना तुरुंग मिळाला, भित्रे म्हणून हिणवलं गेलं. नकाराची किंमत बरीचशी त्यांनीच मोजली, म्हणून त्या नकाराला वजन आहे. याउलट अमेरिकेतल्या केंटकी राज्यात २०१५ मध्ये एका काउंटी क्लार्क बाईंनी, म्हणजे विवाहाचे परवाने देणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याने, समलिंगी विवाहांना मान्यता मिळाल्यावर आपल्या श्रद्धेचं कारण देत परवाने देणंच बंद केलं. खुर्ची जनतेची, पगार जनतेचा, आणि उपास खिडकीसमोर उभ्या असलेल्या जोडप्यांना. न्यायालयाने त्यांना काही दिवस तुरुंगात ठेवलं. मला त्या प्रकरणाचा शेवट जास्त आवडतो. पुढच्या वर्षी राज्याने अर्जाचा नमुना बदलून त्यावरून क्लार्कचं नावच काढून टाकलं. बाईंची सही कोणावर उमटणार नाही, जोडप्यांचा परवाना अडणार नाही. वर्षभर टीव्हीवर जे धर्मयुद्ध चाललं होतं ते एका छापील ओळीएवढं निघालं.

सगळेच प्रश्न इतक्या स्वस्तात सुटत नाहीत, आणि माझी कसोटी कुठे अडते ते सांगितलं नाही तर मीही दार लावून घेणाऱ्यांतलाच. गर्भपाताचा विरोधक मला म्हणेल : "किंमत कोण मोजतो, असं विचारतोस ना? मग त्या पोटातल्या जिवाला विचार. संमती न दिलेला तिसरा तोच आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी तुला कायदा हवा, मग याच्यासाठी का नको?" हा युक्तिवाद हास्यास्पद नाही, आणि त्याला 'बुरसटलेला' म्हणून निकालात काढणाऱ्यांनी तो नीट ऐकलेलाच नाही. किंमत कोण मोजतो हे ठरवण्याआधी 'कोण' मध्ये कोणकोण मोजायचं हे ठरवावं लागतं, आणि तिथे माझी कसोटी मुकी होते. माझं स्वतःचं मत असं, की जिच्या वेदना, भय आणि आयुष्य आपल्या डोळ्यांसमोर आहे त्या बाईला, होऊ घातलेल्या जिवाच्या नावाने साधन बनवता येत नाही. आणि गर्भ जसजसा वाढतो तसतसा त्याचा दावाही वाढतो. पण हे मत आहे. ते मला मांडावं लागेल, गृहीत धरता येणार नाही.

आयर्लंडने हा डोंगर कसा चढला ते म्हणूनच पाहण्यासारखं आहे. तिथे १९८३ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतांनी संविधानात आठवी दुरुस्ती आली : गर्भाच्या जिवाचा हक्क आईइतकाच. २०१२ मध्ये एका तरुण भारतीय महिलेचा सतराव्या आठवड्यात गर्भ निसटू लागला. तो वाचणार नव्हता, तिने सुटका मागितली, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने ती गेली. देश हादरला, तरी घाई केली नाही. २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले नव्व्याण्णव सामान्य नागरिक आणि अध्यक्षस्थानी एक न्यायाधीश, अशी नागरिकसभा बसली. पाच शनिवार-रविवार त्यांनी डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक आणि त्यातून गेलेल्या बायका यांना ऐकलं. विरोधकांनाही ऐकलं. मग संसदेची समिती, मग २५ मे २०१८ ला सार्वमत. ६६.४ टक्क्यांनी ती दुरुस्ती काढून टाकली. पस्तीस वर्षांत तेच दोन तृतीयांश दुसऱ्या बाजूला गेले होते.

हरलेले ३३.६ टक्के काही देश सोडून गेले नाहीत. त्यांच्यात डॉक्टर आणि परिचारिकाही असणारच. त्याच वर्षाच्या अखेरीस जो कायदा झाला त्याच्या बाविसाव्या कलमात त्यांची सोय आहे : ज्याची सदसद्विवेकबुद्धी मान्य करत नाही त्याच्यावर गर्भपात करण्याची किंवा त्यात भाग घेण्याची सक्ती नाही. मात्र त्याने त्या बाईला शक्य तितक्या लवकर दुसऱ्या डॉक्टरच्या हाती सोपवण्याची व्यवस्था केली पाहिजे. आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर नकाराचा हक्क लागू होत नाही.